जो सावकाश, तो पुढे

दोघांच्या सायकलसफरींना आता बरीच वर्षं झाली. पुण्यात वाढलेल्या माणसाला सायकल नवी नसते. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं तिच्यावरच झालेलं. पण सुट्टी म्हणून सायकल, आणि तीही नवरा-बायकोनं मिळून, हे मुलं शिकून घराबाहेर पडल्यावर सुरू झालं. तो बँकेत होता, ती शाळेत भूगोल शिकवायची. तिचं माहेर रेवदंड्याचं, त्यामुळे पहिल्या सफरी साहजिकच कोकण किनाऱ्यानं झाल्या. मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर.

त्या सफरींत प्रत्येक चढावर एकच गोष्ट घडायची. तो पुढे निघून जायचा. चढ संपला की झाडाखाली सायकल लावून पाणी प्यायचा, घाम पुसायचा, वाऱ्याला उभा राहायचा. ती धापा टाकत पोचली की "आलीस? चल मग" म्हणून लगेच पायडलवर पाय ठेवायचा. श्रीवर्धनच्या अलीकडे एका चढावर ती सायकलवरून उतरली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्यासाठी थांबता खरं. पण दम तुम्ही खाता, आणि मी आले की निघता. उद्यापासून मी पुढे."

दुसऱ्या दिवशी ती पुढे निघाली आणि तेव्हापासून तीच पुढे आहे. वेग तिचा, थांबे तिचे. त्याला सुरुवातीला ब्रेकवर बोटं ठेवूनच चालवावं लागलं. मग हळूहळू पाय शिकले. मागे राहिल्यानं त्याला आणखी एक गोष्ट मिळाली. ती कशापाशी थांबते ते पाहायची त्याला सवय लागली. ती देवळापाशी थांबत नाही, उसाच्या रसापाशीही नाही; ती थांबते मिठागराच्या बांधापाशी, नाही तर ओढा समुद्राला मिळतो तिथे.

कोची ठरलं ते गुडघ्यामुळे. तिचा उजवा गुडघा घाटाला नको म्हणू लागला होता आणि सायकल सोडायला दोघंही तयार नव्हती. नकाशा पाहताना तिच्या लक्षात आलं की फोर्ट कोची आणि मट्टांचेरी हा शहराचा जुना भाग थेट समुद्रसपाटीला आहे. तिथे चढ म्हणजे फक्त पूल. शिवाय हे शहर सलग नाही. वेंबनाड सरोवराचं पाणी अरबी समुद्राला मिळतं त्या मुखाशी बेटं आणि जमिनीच्या पट्ट्या विखुरल्या आहेत, मधून खाडी, आणि एकीकडून दुसरीकडे जायला बोटी. रस्ता संपतो तिथे धक्का लागतो, आणि धक्क्यावर पुढच्याला नि मागच्याला सारखंच थांबावं लागतं. दोघांना नेमकं असंच गाव हवं होतं. पाऊस संपून हवा जरा कोरडी झालेली असते म्हणून जानेवारी निवडला.

सायकली तिथेच भाड्यानं घेतल्या. गिअर नसलेल्या, पुढे जाळीची टोपली असलेल्या साध्या सायकली. अशी सायकल घेताना घाई करायची नाही, हे दोघं इतक्या वर्षांत शिकली आहेत. चाक उचलून फिरवायचं आणि रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते का ते पाहायचं. टायर अंगठ्यानं दाबायचा. चेनवर हात फिरवायचा. खाऱ्या हवेत चेन आठवड्यात लालसर होते, आणि कोरडी चेन चढावरच नव्हे, सपाटीवरही पाय दुखवते. सगळ्यात महत्त्वाची सीटची उंची. पायडल खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहिला पाहिजे. भाड्याच्या सायकलींची सीट हमखास खाली असते, कारण तशी ती सगळ्यांना चालते. दुकानदारानं पाना आणला, सीटचा नट गंजून धरला होता, त्यावर तेल सोडून पाच मिनिटं वाट पाहिली, मग सीट चार बोटं वर आली. गुडघ्यानं पुढचे सगळे दिवस साथ दिली ती त्या चार बोटांमुळे.

सकाळी सहाला निघायचं, दहाच्या आत सावली गाठायची, चारपर्यंत बाहेर पडायचं नाही. केरळच्या किनाऱ्यावर जानेवारीतही दमटपणा असतोच, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि पुण्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्या माणसाला आपण किती थकलो ते उशिरा कळतं. पाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. वाटेत शहाळं, नाही तर कोरा चहा आणि पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, तिथली पळंपोरी. खाण्याबद्दल एवढंच पुरे.

पहिल्या सकाळी ती चिनी जाळ्यांपाशी थांबली आणि बराच वेळ हललीच नाही. फोर्ट कोचीच्या या जाळ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, बहुतेक सूर्यास्ताचे. काम चालतं ते मात्र जवळ उभं राहिल्याशिवाय समजत नाही. चार लांब वासे, त्यांच्या टोकांना ताणलेलं मोठं चौकोनी जाळं. हे सगळं एका आडव्या तुळईवर तोललेलं. मागच्या बाजूला दोरांना ओळीनं बांधलेले दगड लोंबतात. एक माणूस तुळईवरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळानं मागचे चारपाच जण दोर ओढतात, दगड एकेक करत जमिनीला टेकतात आणि जाळं वर येतं. दगड वेगवेगळ्या उंचीवर का बांधलेत हे तिनं लगेच ओळखलं: जाळं जसजसं वर येईल तसतसं लागणारं वजन बदलतं, आणि भार कमी करायला एकेक दगड टेकत जातो. शाळेत तरफ शिकवणाऱ्या सहशिक्षकांना दाखवायला तिनं वहीत ते सगळं काढून घेतलं. त्या ओढीत मूठभर मासे आले आणि बरीचशी जलपर्णी. सरोवरातून वाहत येणारी ही जलपर्णी इथल्या मच्छीमारांचं मोठं दुखणं आहे. जाळं जड होतं, फाटतं, आणि ती निवडून फेकण्यात वेळ जातो. मुळा-मुठेकाठी राहणाऱ्यांना ती ओळखीचीच.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पायडलच्या दहावीस फेऱ्यांवर. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत वारला, त्याला इथे पुरलं आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा दाखवतात. त्याला तिथे जास्त आवडले ते छताला टांगलेले कापडी पंखे. त्यांचा दोर भिंतीतून बाहेर जातो आणि पूर्वी बाहेर बसलेला माणूस तो ओढत असे. प्रार्थना आत चालायची आणि ओढणारा बाहेर उन्हात बसायचा. त्यानं बाहेर जाऊन ती जागाही पाहून घेतली.

पण दोघं ज्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा गेली तो बाजार रोड. फोर्ट कोचीकडून मट्टांचेरीकडे जाताना पाण्याला समांतर जाणारा हा अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना जुन्या वखारी, कौलारू, जाड भिंतींच्या. चारचाकीतून गेलं तर समोर अडकलेला ट्रक दिसतो. चालत गेलं तर अर्ध्या वाटेत ऊन लागतं. सायकलवर नाक मोकळं असतं. एका दारातून तांदळाच्या पोत्यांचा वास, पुढच्या दारातून मिरीचा, त्यापुढे सुंठीचा इतका तिखट की शिंक यावी. उघड्या दारातून आत पाहिलं तर लांबच लांब चौक दिसतो आणि चौकाच्या पलीकडे एकदम पाणी. या वखारींची खरी तोंडं पाण्याकडे आहेत. माल होडीनं मागच्या दारी यायचा, चौकात वाळायचा, निवडला जायचा आणि पुन्हा होडीनंच जहाजाकडे जायचा. रस्ता ही त्यांची पाठ आहे.

मग बंदर गेलं कुठे? हा प्रश्न तिनं पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचं उत्तर समोर पाण्यापलीकडे आडवं पसरलेलं आहे. कोचीच्या मुखाशी वाळूचा मोठा दांडा होता. मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती. ती बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकत आणि माल होड्यांनी ने-आण होई, पावसाळ्यात तेही बंद. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज बंदर अभियंता इथे आला. प्रवाहांचा अभ्यास करून त्यानं तो दांडा कापायचं ठरवलं, आणि तळातून उपसलेला गाळ टाकून दिला नाही, खाडीत एक बेटच उभं केलं. तेच विलिंग्डन बेट. १९२८ च्या मे महिन्यात पहिली आगबोट आत आली. १९३६ मध्ये कोची मोठ्या बंदरांच्या यादीत गेलं. धक्के, गोद्या, रेल्वे, सगळं त्या नव्या बेटावर झालं, आणि मट्टांचेरीच्या वखारींचं पाण्याकडचं दार हळूहळू निरुपयोगी होत गेलं. २०११ पासून कंटेनरची जहाजं तर आणखी पलीकडे, वल्लारपाडम बेटावर लागतात. आता कित्येक वखारींत हॉटेलं आहेत, जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, आणि २०१२ पासून दर दोनेक वर्षांनी भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनाची चित्रं तिथे लागतात. तरी काही दारांतून पोती अजून निघतात. ही एक गोष्ट दोघांना फार भावली: त्या रस्त्यावर अजून हमाल आहेत, हातगाड्या आहेत, आणि सायकलवाल्याला त्यांच्या मागे थांबावंच लागतं.

मट्टांचेरीतल्याच ज्यू टाऊनमध्ये मिरीचा वायदेबाजार होता. १९५७ मध्ये सुरू झालेल्या त्या बाजारात एकेकाळी दलाल ओरडून ओरडून भाव पुकारत. नंतर संगणक आले आणि ओरडणं थांबलं. इमारत अजून आहे. तिच्यापुढे गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग. १५६८ चा. आत जाताना चपला काढायच्या. पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हातानं रंगवलेल्या, गार. बाहेर तापलेल्या रस्त्यावरून आलेल्या पायांना त्या फरशा आधी कळतात आणि डोळ्यांना मागाहून. ती तिथे बसून राहिली. रेवदंडा, अलिबाग, नांदगाव या पट्ट्यात बेने इस्रायल लोकांची घरं तिनं लहानपणी पाहिली होती. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यूंमधले शिक्षक मुंबईला जाऊन याच कोकणातल्या ज्यूंना हिब्रू आणि धर्मविधी शिकवत होते. आता दोन्हीकडची बहुतेक माणसं इस्रायलला गेली. कोचीत तर बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. शेजारचा मट्टांचेरी राजवाडाही एका सकाळचा ऐवज आहे. तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला म्हणून डच पॅलेस म्हटला जातो. भिंतीवरच्या रामायणासाठी जावं आणि गर्दी व्हायच्या आत जावं.

तिथून सायकलनं जेमतेम पाच मिनिटांवर चेरळाई. ही कोकणी वस्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळाला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं दक्षिणेकडे सरकत इथवर आली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला राहिली. तिरुमल देवस्वम् हे त्यांचं मोठं देऊळ. देवळापाशी दोन आजीबाईंचं बोलणं त्याच्या कानावर पडलं आणि त्याला अर्धंअधिक कळलं. मालवणला बँकेत असतानाची भाषा कानात होती. चारशे वर्षं मल्याळममध्ये राहूनही ती घरात टिकून आहे.

या वस्तीशी जोडलेली एक गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर *हॉर्तुस मलबारिकुस* हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात तो छापला गेला. त्यासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता आणि कोचीतले तीन कोकणी वैद्यही होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्याच खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. १६७८ मध्ये, ॲमस्टरडॅममध्ये, आपल्या लिपीत. तिनं हे देवळाबाहेर पारावर बसून त्याला सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा साल विचारलं.

सफरीतला एक दिवस वाईट गेला. तोही सांगायला हवा, कारण पुढचे दिवस सुधारले ते त्यामुळे. त्यानं घरून निघतानाच पाहण्याच्या ठिकाणांची यादी केली होती आणि त्यात त्रिपुणितुराचा हिल पॅलेस होता. यादीतलं राहायला नको म्हणून दोघं तोप्पुंपडीच्या पुलावरून विलिंग्डन बेटाकडे आणि तिथून एर्नाकुलमच्या वाहतुकीत शिरली. डावीकडून रिक्षा, उजवीकडून बस, ऊन डोक्यावर. ती पुढे होती, पण मागून वाजणाऱ्या हॉर्ननी तिचा वेग तिच्या हातात राहिला नाही. एका पेट्रोल पंपाच्या सावलीत ती थांबली, तोंड लाल झालेलं. तिनं काही म्हणायच्या आत त्यानं खिशातली यादी काढली, उरलेल्या ओळींपैकी निम्म्या खोडल्या आणि सायकली परत फिरवल्या. हिल पॅलेस राहिला.

त्या दिवशी परतताना, अंगात जोर नसताना, वेळी भागातल्या धोबीखान्यापाशी दोघं टेकली. यादीत तो नव्हताच. डचांनी आपल्या फौजेचे कपडे धुवायला तमिळ मुलखातून वण्णार लोक इथे आणून वसवले, त्यांचे वंशज आजही तेच काम करतात. ओळीनं धुण्याच्या चौकटी, प्रत्येक घराण्याची ठरलेली. मागच्या मैदानावर कपडे वाळत घातलेले, आणि एकाही कपड्याला चिमटा नाही. दोन दोर एकमेकांत पिळलेले असतात. पिळाच्या फटीत कपड्याचं टोक सरकवलं की वारा कितीही असो, ते सुटत नाही. एका वयस्क धोबीदादांनी तिला ते करून दाखवलं: अंगठ्यानं पीळ उघडायचा, कापड आत, अंगठा काढला की दोर आपोआप मिटतो. तांदळाची खळ, इस्त्रीचा गरम वास, आणि घडी घालताना कापडावर फिरणारा तळहात. दोघं तिथे दुपार सरेपर्यंत बसली. धोबीदादांनी कुठून आलात विचारलं, मुलं काय करतात विचारलं, आणि शेवटी सायकलच्या कॅरियरला बांधलेली तिची ओढणी सोडून घेऊन तिला इस्त्री करून दिली. पैसे घेतले नाहीत.

बोटींचं सांगायचं राहिलं. फोर्ट कोचीहून वायपिन बेटावर जायला रो-रो फेरी आहे. गाड्या, दुचाक्या, माणसं, सायकली, सगळं तिच्यावर चढतं आणि काही मिनिटांत पलीकडे उतरतं. वाट पाहणं मात्र त्याहून कितीतरी जास्त. पहिल्या दोन दिवसांत तो घड्याळ पाहायचा. मग एका सकाळी मुखाशी डॉल्फिन दिसले, अगदी धक्क्याजवळ, राखाडी पाठी वर येऊन परत बुडत होत्या, आणि त्या वेळेपासून फेरी उशिरा आली तरी त्याची तक्रार नव्हती. रांगेत उभं असताना समोरून कंटेनरची जहाजं आत येतात. इतकी उंच वस्तू इतक्या अरुंद तोंडातून इतक्या सावकाश सरकते ते पाहताना बोलणं थांबतं. सायकल धरून उभ्या माणसाशी लोक बोलतात, हाही अनुभव सगळीकडचाच. गाडीच्या काचेआड बसलेल्याला कुणी काही विचारत नाही.

अशाच एका रांगेत मागून आवाज आला, "पुण्याचे काय?" पांढरा सदरा घातलेले, साठीकडे झुकलेले एक गृहस्थ. विट्याचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं गाळण्याच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवायचे, त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. केरळात तर सोन्याची उलाढाल मोठी, त्यामुळे सोनं गाळणारे हे गलाई बांधव गावोगाव सापडतात. हे गृहस्थ पोरवयात चुलत्याबरोबर आले, आता मल्याळम मराठीइतकंच सफाईनं बोलतात. फेरीत त्यांनी धंद्याचं सांगितलं. ॲसिडचा धूर, भट्टीची धग, दुकानातला केरसुद्धा फेकायचा नाही कारण त्यात सोन्याचे कण असतात. आणि हल्ली नवी पोरं हे काम शिकायला येत नाहीत, भट्टीपुढं बसायला नको म्हणतात. विट्याच्या यात्रेला वर्षातून एकदा जाणं होतं. संध्याकाळी त्यांनी घरी बोलावलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि ठेचा. ज्वारीचं पीठ गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर येतं. ते इतकी वर्षं कोचीत आहेत, पण चेरळाईच्या देवळात कधी गेले नव्हते. तिनं वहीतलं पान फाडून त्यांच्या सुनेला रस्ता काढून दिला.

कुंबळंगीला जायचं तिच्या मनात पहिल्यापासून होतं. फोर्ट कोचीच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, तोप्पुंपडी, पल्लुरुत्ती, पेरुंपडप्पु असं करत पूल ओलांडला की खाडीनं वेढलेलं हे गाव लागतं. दुपारचं ऊन उतरल्यावर निघाली. पल्लुरुत्तीच्या पुढे तिच्या मागच्या चाकात काचेची कपची शिरली. रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान मिळालं. दुकानदारानं टायर न काढता एका बाजूनं ट्यूब ओढून घेतली, पाण्याच्या टबात फिरवली, बुडबुडा आला तिथे खडूची खूण केली, घासून सोल्यूशन लावलं, वाळू दिलं, ठिगळ दाबलं. मग टायरच्या आतून बोटं फिरवून कपची राहिली नाही ना ते पाहिलं. बहुतेक जण एवढं शेवटचं करत नाहीत आणि दुसरं पंक्चर तिथेच होतं. या सगळ्यात तास गेला, म्हणून कुंबळंगीत पोचायला संध्याकाळ झाली. ती वेळ ओहोटीची निघाली आणि त्यामुळेच जे पाहायचं होतं ते दिसलं.

गावाबाहेर पोक्काळीची शेतं. खाऱ्या पाण्यात टिकणारा हा भात. जूनमध्ये पावसानं जमिनीचं मीठ धुतलं जातं, मातीचे ढीग करून त्यावर बी टाकतात, रोपं उगवली की ढीग मोडून पसरतात. खत नाही, फवारणी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नुसती कणसं कापायची, काड पाण्यातच ठेवायचं. मग खारं पाणी आत घ्यायचं आणि एप्रिलपर्यंत त्याच शेतात कोळंबी. बांधाला एक फळ्यांची उघाडी होती. भरतीला ती उघडून पाणी आणि त्याबरोबर कोळंबीची पिल्लं आत घेतात. ओहोटीला तोंडाशी निमुळतं जाळं बांधून पाणी सोडतात. शेतकरी आणि त्याचा भाऊ ते जाळं बांधत होते. ती बांधावर उकिडवी बसली आणि तिला प्रश्न सुचत गेले, कारण हे तिच्या माहेरचंच होतं. रायगडच्या खारजमिनी, त्यांचे बांध, त्यांच्या उघाड्या, त्यातला तांबडा राता भात. गोव्याच्या खाजणातही हीच रीत आहे. माहेरी मात्र बाहेरचा बांध एकदा फुटला की दुरुस्त होत नाही, खारं पाणी कायमचं आत राहतं आणि शेतात खारफुटी माजते; तिच्या मामांची जमीन अशीच गेली.

शेतकऱ्याची हिंदी मोडकी, हिची मल्याळम शून्य, पण बोलणं अडलं नाही. कोळंबीत पैसा आहे, भातात नाही, मग भात लावताच कशाला, असं तिनं विचारलं. त्यानं पाण्यात हात घालून कुजलेल्या काडाची मूठ वर काढली. बुळबुळीत, काळपट, आणि त्यावर बारीक जीव चिकटलेले. कोळंबी हेच खाते, तो म्हणाला; एक वर्ष भात नाही लावला तर पुढच्या वर्षी कोळंबी बारीक येते, रोग पडतो.

"आणि कापणीला माणसं मिळतात?"

त्यानं मान हलवली. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कापायचं, कोण येतं आता. कधी कॉलेजची मुलं येतात मदतीला, ऑक्टोबरच्या शेवटी. नवऱ्याकडे न पाहताच तिनं विचारलं, शिकवलं तर साठीच्या माणसांना जमेल का. शेतकऱ्यानं भावाला मल्याळममध्ये काही सांगितलं, दोघं हसले, आणि भावानं तिच्या वहीत आपला फोन नंबर लिहून दिला.